एकेचाळीस थांबे

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

वस्तुस्थिती घडली त्या क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे पुढे वादाला जागा राहणार नाही.

पहिली. गेल्या सप्टेंबरमध्ये मी आमच्या गिर्यारोहण मंडळाबरोबर हिमाचलातील एका खिंडीच्या मोहिमेवर गेले. खिंडीची उंची ४६२० मीटर. दुसरी. ४१०० मीटरवरील शेवटच्या तळावरून मला एका वाटाड्यासोबत परत पाठवण्यात आले. तिसरी. कारण विचारले तेव्हा मोहीमप्रमुख हिमांशू म्हणाला, "हवामान, मॅडम." चौथी. त्याच हवामानात, त्याच दिवशी, उरलेले नऊ जण खिंड गाठून आले. पाचवी. मी लेखी कारण मागितले. ते आजतागायत मिळालेले नाही. सहावी. साठ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस मंडळ चार हजार मीटरच्या वर नेत नाही. येत्या जानेवारीत मला साठ पूर्ण होतील.

म्हणजे माझ्या हाती हाच एक सप्टेंबर आहे. नाव नोंदवले. वीस तारखेला निघायचे.

हिमांशू माझा विद्यार्थी. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात बत्तीस वर्षे मापनशास्त्र शिकवले, त्यांपैकी नऊ वर्षे विभागप्रमुख म्हणून. तिसऱ्या वर्षाला मी त्याला एकदा नापास केले होते, कारण त्याने उपकरणाचे वाचन न घेता आकडे अंदाजाने भरले होते. अजूनही माझ्याशी बोलताना तो हात मागे बांधून उभा राहतो. नियमांची पुस्तिका त्याने बरी लिहिली आहे. समोरासमोर खरे बोलण्याचे धैर्य मात्र त्याला अद्याप आलेले नाही.

८ सप्टेंबर, रविवार

सरावाची पहिली चढाई. पाठीवर दहा किलो घेऊन खुलताबादहून म्हैसमाळ. घरोघरी गणपती बसलेले असूनही दहापैकी आठ जण हजर होते, ही समाधानाची बाब.

एक नवीन सदस्या आहे. सुरेखा गव्हाणे, वय बेचाळीस, माहेर सोयगाव तालुक्यात, एसटीत वाहक. तिने घाटाच्या पायथ्यापासून जी धाव घेतली ती थेट माथ्यावरच थांबवली. मी पोहोचले तेव्हा बाई कट्ट्यावर बसून भाजलेले कणीस खात होत्या. मला पाहून उठल्या आणि "बसा मॅडम, इथं वारं लई ग्वाड हाय" म्हणाल्या. मी बसले नाही. श्वासाचे नियोजन न करता धावणारी माणसे पहिल्या दिवशी पुढे असतात. उंचीवर त्यांची दमछाक सर्वांत आधी होते. हे माझे भाकीत आजच्या तारखेने लिहून ठेवते.

१५ सप्टेंबर, रविवार

हिमांशूने जोड्यांची यादी वाटली. पुस्तिकेतील नियम असा: प्रत्येक सदस्याने नेमून दिलेल्या जोडीदारासह चालावे, जोडीतील एक थांबल्यास दुसऱ्याने थांबावे, एक परतल्यास दुसऱ्यानेही परतावे. अनुभवी व्यक्तीचे नाव आधी, तिने दुसरीस सांभाळावे.

आमच्या जोडीपुढे छापले होते: 'सुरेखा गव्हाणे, अंबिका औंढेकर.' टंकलेखनातील ही चूक मी पेनाने दुरुस्त केली, नावांची अदलाबदल केली आणि कागद हिमांशूला परत दिला. त्याने तो पाहिला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

माझे भाकीत अपेक्षेपेक्षा लवकर खरे ठरले. गेल्या रविवारी धावणाऱ्या सुरेखाबाई आज अर्ध्या चढालाच धापा टाकू लागल्या. कधी पायात गोळा, कधी घशाला कोरड. त्यांची थांबण्याची रीतही विचित्र. हातातील काठी दगडावर एकदा आपटायची, की थांबणे. दोनदा आपटायची, की निघणे. एसटीची घंटी तशीच असते म्हणे. करुणा, बँकेत अधिकारी असलेली अठ्ठावीस वर्षांची मुलगी, यावर फार हसली. तिचा जोडीदार गोकुळ मागे राहिला की सुरेखाबाई त्याला ओरडून सांगतात, "ओ भाऊ, पुढं सरका की, मधी जागा रिकामी हाय!" गटाला हे आवडते. मला मोहिमेत गांभीर्य हवे.

जोडी बदलून मागण्याचा विचार केला. पण विभागप्रमुखाला सहकारी निवडता येत नाहीत. जे असतात त्यांच्याकडून काम करून घ्यावे लागते.

२३ सप्टेंबर, सोमवार. पहिला तळ, ३३०० मीटर

चिकलठाण्याहून विमान, मग दिल्लीहून बस, मग जीप. वर्णन करण्यासारखे काही नाही. रस्ता संपतो त्या गावात एक दिवस मुक्काम करून आज चालण्यास आरंभ केला.

माझ्या मागून चालणाऱ्या सुरेखाबाईंनी आज नऊ वेळा थांबवले. जोडीदाराच्या चुकीची शिक्षा मला होऊ नये, यासाठी मी स्वतंत्र वहीत तक्ता आखला आहे. रकाने चार: वेळ, उंची, किती मिनिटे, सांगितलेले कारण. आजची कारणे: पाणी तीन वेळा, बुटाची नाडी दोनदा, गोळा दोनदा, 'जरा डोंगर बघू द्या' एकदा, आणि एकदा कारणच नाही, नुसती काठी आपटली.

एक गोष्ट लक्षात आली. थांबण्याची घंटी झाली की त्या बसत नाहीत. मला बसायला दगड दाखवतात आणि स्वतः काठीवर रेलून उभ्या राहतात. दमलेल्या माणसाने बसावे, एवढी साधी गोष्टही त्यांना सांगावी लागते. मी सांगितले. त्या म्हणाल्या, "वीस वर्षं झाली मॅडम, उभ्यानंच आराम करायची सवय पडलीय."

२४ सप्टेंबर, मंगळवार. दुसरा तळ, ३६५० मीटर

तेरा थांबे.

तळावर पोहोचल्यावर हिमांशूने सर्वांच्या बोटांना ते छोटे यंत्र लावून रक्तातील प्राणवायू मोजला. माझे वाचन ८१, सुरेखाबाईंचे ९२. मी त्याला विचारले की यंत्राचे अंशांकन, म्हणजे प्रमाणित मापाशी पडताळणी, शेवटचे केव्हा झाले होते. त्याने यंत्र उलटे करून पाहिले; तारीख नव्हती. ज्या यंत्राचे अंशांकन ज्ञात नाही त्याच्या वाचनावर निर्णय घेता येत नाही, हे मी त्याला तिसऱ्या वर्षालाच शिकवले होते. त्याने वहीत आकडा लिहिला आणि मला पाणी जास्त पिण्यास सांगितले.

संध्याकाळी तंबूत सुरेखाबाईंना विचारले की त्या या मोहिमेवर का आल्या. त्यांची रजा शिल्लक होती, हे पहिले उत्तर. मग थोड्या वेळाने, पायमोजे पिळता पिळता म्हणाल्या:

"मी मॅडम लोकाला त्यांच्या त्यांच्या गावाला पोचवती. शेवटचं गाव आलं की गाडी वळवायची न् माघारी. एकदा वाटलं, रस्ता संपला की त्याच्या पुढं काय हाय, ते आपल्या डोळ्यानं बघावं. त्या खिंडीतून पलीकडचं दिसतं म्हणतेत."

मी त्यांना सांगितले की पलीकडे तसेच डोंगर आहेत. भूगोलदृष्ट्या वेगळे काही नाही. त्या म्हणाल्या, "असू द्या की. बघून मंग म्हणीन तसेच हायेत म्हणून."

हे येथे का लिहिले, मला सांगता येणार नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार. दुसरा तळ

विश्रांतीचा दिवस. गोकुळला ताप आल्याने त्यास खाली पाठवले. आता करुणा जोडीदाराविना आहे. नियमाप्रमाणे तिनेही परतायला हवे होते; परंतु हिमांशूने तिला स्वतःच्या जोडीला घेतले. म्हणजे नियमाला पर्याय आहे.

करुणा तरुण आहे, एकसारख्या वेगाने चालते, बडबड कमी. मी विचार करीत आहे.

डोके किंचित जड. चहा कमी पडल्यामुळे असावे.

२६ सप्टेंबर, गुरुवार. वरचा तळ, ४१०० मीटर

येथूनच मला गेल्या वर्षी परत पाठवले होते. तोच ओढा, तोच सपाट खडक.

आज एकोणीस थांबे. तीन दिवसांचे एकूण एकेचाळीस. उद्या खिंडीच्या चढावर हीच गती राहिली, तर दहा वाजेपर्यंत माथ्यावर पोहोचणे अशक्य आहे, आणि दहा ही परत फिरण्याची ठरलेली वेळ आहे. गेल्या वर्षी हवामानाने मला अडवले, असे म्हणतात. या वर्षी एका वाहकबाईच्या बुटाची नाडी मला अडवील, हे मी होऊ देणार नाही.

मी अर्ज लिहिला. मजकूर थोडक्यात: सोबतच्या तक्त्यावरून दिसून येते की श्रीमती गव्हाणे चढाच्या गतीस असमर्थ आहेत, सबब त्यांना वरच्या तळावर ठेवून माझी जोडी करुणाबरोबर करावी. खाली सही, दिनांक, वेळ. अक्षर नेहमीसारखे आले नाही. बोटे गारठली होती.

हिमांशूने तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. नंतर विचारले, "मॅडम, हे थांबे तुम्ही कोणाचे म्हणून लिहिलेत?"

मी म्हणाले की कारणांचा रकाना स्पष्ट आहे.

"वेळा बरोबर आहेत, मॅडम. उंचीही बरोबर आहे." त्याने वही मिटली. मग "मागच्या वर्षी मी तुम्हाला" असे काहीतरी सुरू केले आणि ते सोडून दिले. अर्धवट वाक्ये मला सहन होत नाहीत. मी म्हणाले, हरकत असल्यास लेखी द्यावी.

त्याने सुरेखाबाईंना बोलावले आणि अर्ज त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला. वाचताना एकदा माझ्याकडे पाहिले. मला वाटले होते की त्या भांडतील. गाडीत रोज भांडण्याची सवय असलेली बाई. त्या म्हणाल्या, "मॅडमनी लिवलंय ते बरुबर हाय सर. म्याच लई थांबते. ऱ्हाते मी हितं. तुमी मातर त्यांच्या मागं चाला, म्होरं नाय."

हिमांशूने मला सांगितले की तो स्वतः आमच्या मागे चालेल, आणि तो 'परत' म्हणाला की वाद न घालता परतावे लागेल. मी मान्य केले.

अर्ज मंजूर. मोहिमेत सहकाऱ्याबद्दल निष्ठुर व्हावे लागते. माझ्या निर्णयामागे एकेचाळीस नोंदी आहेत.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. वरचा तळ, दुपारी तीन

क्रमाने.

पहाटे साडेचारला निघालो. पुढे वाटाड्या आणि इतर, मग करुणा, मग मी, माझ्या मागे हिमांशू. आकाश स्वच्छ. करुणाची गती उत्तम होती. ती थांबत नव्हती. मी मनात पावले मोजत होते. शंभर झाली की पुन्हा एकपासून, असा माझा नियम. साधारण सहा वाजल्यापासून मला साठच्या पुढचे आकडे सापडेनात. साठ, एकसष्ट, आणि पुन्हा चाळीस. मी पुन्हा सुरुवात करीत राहिले.

कोणीही थांबा म्हणाले नाही. हिमांशूने दोनदा विचारले, "मॅडम, थांबूया का?" मी दोन्ही वेळा नाही म्हणाले. कारण थांबण्याचे कारण माझ्याजवळ नव्हते. पाणी होते, नाडी बांधलेली होती, पायात गोळा नव्हता.

आठ वाजून दहा मिनिटांनी, ४३८० मीटरवर, मी बसले. ठरवून बसले नाही. हातमोजा निसटला होता आणि तो हातात कसा घालतात ते मला आठवेना. अंगठ्याची जागा सापडत नव्हती. करुणाने तो घालून दिला. ती काही विचारत होती. मी उत्तर दिले असे मला वाटते, पण तिच्या चेहऱ्यावरून ते उत्तर तिला कळले नसावे.

हिमांशू म्हणाला, "परत."

त्याने करुणाला वाटाड्याबरोबर वर पाठवले आणि वॉकीटॉकीवरून तळाला कळवले. तेव्हा सव्वाआठ झाले होते. नऊ वाजून पाच मिनिटांनी सुरेखाबाई माझ्यासमोर उभ्या होत्या. पाठीवर चहाचा थर्मास आणि माझा जाड कोट. त्यांना धाप लागलेली नव्हती.

तळापासून त्या जागेपर्यंत मला लागलेला वेळ तीन तास चाळीस मिनिटे. त्यांना लागलेला वेळ पन्नास मिनिटे. मी माझ्या घड्याळात पाहिले, मग हिमांशूच्या. दोन्ही घड्याळे जुळत होती.

चहा पिऊन होईपर्यंत हिमांशू त्यांच्याशी बोलत होता. त्याला वाटले असावे की मला ऐकू येत नाही.

"ताई, तुम्ही वर जा. अजून तासभर आहे, तुम्ही दहाच्या आत सहज पोहोचाल. मी मॅडमना खाली नेतो."

सुरेखाबाईंनी वर पाहिले. खिंड तेथून अगदी स्पष्ट दिसत होती. उजव्या अंगाला बर्फाची एक पट्टी आणि मधोमध निळा तुकडा. त्यांनी बराच वेळ पाहिले.

"नाय सर," त्या म्हणाल्या. "ह्या माझ्या गाडीची शीट हायेत. मधीच उतरवून म्होरं जायची रीत नाय आमच्यात."

शीट म्हणजे प्रवासी. एसटीत असेच म्हणतात.

मग मला म्हणाल्या, "उठा मॅडम. आता उतार हाय, तुमच्या मागं मी ऱ्हाते." उतारावर त्यांनी सात वेळा काठी आपटली. दोनदा म्हणाल्या की गुडघा दुखतो. वही माझ्या खिशात होती. मी काही लिहिले नाही.

बाकीचे खिंड पाहून एक वाजता आले. करुणाने फोनमधील छायाचित्रे दाखवली. पलीकडे डोंगर आहेत.

२९ सप्टेंबर, रविवार. परतीची जीप

डोके पूर्ण ताळ्यावर आले. सुरेखाबाई पुढे चालकाशेजारी बसल्या आहेत आणि त्याला वळणावर भोंगा कधी वाजवावा ते शिकवीत आहेत. त्याला मराठी येत नाही. तरी दोघांचे चांगले जमले आहे. माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलतात. अर्जाचा विषय काढत नाहीत. भांडल्या असत्या तर मला उत्तर देता आले असते.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घरी

माझ्या मनगटावरचे घड्याळ दर मिनिटाला नाडीचे ठोके नोंदवते. ती नोंद आज संगणकावर उतरवून घेतली आणि तक्त्याशेजारी ठेवली.

एकेचाळीस थांबे. त्यांपैकी अडतीस थांब्यांच्या आधीच्या दोन मिनिटांत माझे ठोके दीडशेच्या वर गेलेले आहेत. प्रत्येक थांब्यात ते एकशे वीसच्या खाली आले आणि मगच निघण्याची घंटी झालेली आहे. एकदाही त्याआधी नाही. त्या घड्याळाकडे पाहत नव्हत्या. माझ्या मागे चालत होत्या, एवढेच.

तीनदा पडताळले. सकाळी दहाला बसले होते. उठले तेव्हा शेजारच्या मंडळींची घटस्थापनेची आरती होऊन प्रसादही आला होता.

गेल्या वर्षीचे 'हवामान' म्हणजे काय, हेही आता लेखी मागण्याची गरज उरलेली नाही. हिमांशूला तसे कळवले. बत्तीस वर्षे मी मुलांना सांगत आले की वाचन बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो, जर आपण काय मोजत आहोत हेच ठाऊक नसेल. हे वाक्य परीक्षेतही विचारीत असे.

६ ऑक्टोबर, रविवार

आज पाठवलेल्या पत्राची प्रत.

श्रीमती सुरेखा गव्हाणे यांस,

स. न.

१. दिनांक २६ सप्टेंबरच्या अर्जातील माझ्या नोंदी खऱ्या होत्या, परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. तो अर्ज मी मागे घेतला असून, दिनांक २७ रोजी आपण तळावर राहिलात त्यास केवळ माझी चूक कारणीभूत आहे, असे मंडळास लेखी कळवले आहे.

२. पुढील मोहिमेत आपणास प्रथम प्राधान्याने घ्यावे, अशी मागणी मी मंडळाकडे केली आहे. हिमांशूने ती मान्य केल्याचे पत्र सोबत जोडले आहे.

३. वयाची अट माझ्यापुरती शिथिल करावी, असाही अर्ज दिला आहे. तो फेटाळला गेल्यास मी पुन्हा देईन. दरम्यान दर रविवारी सकाळी सहा वाजता मी खुलताबादहून म्हैसमाळ चढणार आहे. आपली ड्यूटी नसेल त्या रविवारी आपण मागे चालावे, ही विनंती. दमले की मी स्वतः सांगेन. ते मला शिकायचे आहे.

४. सोबत एकेचाळीस थांब्यांचा तक्ता पाठवीत आहे. त्यांपैकी अडतीस माझे होते, हे मी निश्चित केले आहे. त्याविषयी आपणास काही विचारायचे नाही. तीन उरतात: चोवीस तारखेस दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, 'बुटात खडा', सव्वीस तारखेस अकरा बावन्नला, 'नाडी', त्याच दिवशी तीन वीसला, 'पाणी'. या तिन्ही वेळी माझे ठोके शांत होते. माझ्यासाठी थांबण्याचे कारण नव्हते. तिन्ही जागा मी नकाशावर शोधल्या. वरच्या तळापर्यंतच्या सबंध वाटेवर खिंड दिसते अशा तेवढ्या तीनच जागा आहेत.

हे तीन थांबे कोणाचे होते आणि कशासाठी, ते तक्त्यात त्यासाठी नव्याने आखलेल्या पाचव्या, रिकाम्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहून, खाली सही करून पाठवावे. तोंडी उत्तर मी ग्राह्य धरणार नाही. तोंडी विचारले तर आपण खडाच सांगाल.

उत्तर लेखी अपेक्षित आहे.

अंबिका औंढेकर